पहिला तास शेजाऱ्याचा

आपल्याकडे रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत. जनावर म्हणतात, किरडू म्हणतात, लांबडं म्हणतात. आणि तो चावला तर 'चावला' असेही तोंडातून काढत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतले की तो येतो, असा जुना समज आहे. नाव घ्या वा घेऊ नका, तो यायचा तेव्हा येतोच. मिरगाच्या पावसाने बिळात पाणी शिरले की येतो, गवत कापताना येतो, भाताच्या पेंढ्या उचलताना हाताखाली येतो. कणगीतल्या दाण्याला उंदीर लागले की त्यांच्या मागोमाग थेट माजघरात येतो. जांभ्याचा गडगा, लाकूडफाट्याची रास, गोठ्यामागची पेंढ्याची उडवी ही त्याची बिऱ्हाडे आणि आपले घर त्यांच्या मधोमध. हा शेजार काही आज-कालचा नाही.

पण वाचकहो, आज लिहायचे आहे ते या शेजाऱ्याविषयी कमी आणि दुसऱ्या शेजाऱ्याविषयी जास्त. पान लागल्यावर हाक मारली की जो पाखाडी उतरून धावत येतो, त्याच्याविषयी.

तुमचीच वाडी डोळ्यांपुढे आणा. दहा-पंधरा घरे. त्यांतल्या निम्म्यांना कुलूप, ते उघडणार गणपतीला आणि शिमग्याला. उरलेल्या घरांत म्हातारा-म्हातारी, एखादी सून, शाळेत जाणारे एक पोर, गोठ्यात एक म्हैस, दारात कुत्रा. कर्ता मुलगा मुंबईला, नाहीतर पुण्याला कंपनीत. रात्री नऊच्या सुमारास म्हातारी न्हाणीघरामागे लाकडे आणायला जाते आणि पायाला काहीतरी डसते. फोन मुंबईला लावता येतो, पण मुंबईचा मुलगा पोचणार सकाळी. तेव्हा आधी हाक जाते ती पलीकडच्या घराला, आणि पलीकडच्या घरातून माणूस येतोच. आपल्या कोकणी माणसाला बोलघेवडा म्हणा, भांडखोर म्हणा, बांधावरून आणि सामायिक आंब्यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात जाणारा म्हणा, पण अशा हाकेला घरात बसून राहणारा माणूस वाडीत सापडणार नाही. कोर्टात तारीख चालू असलेला भाऊबंदसुद्धा बॅटरी घेऊन येतो.

अडचण इथूनच सुरू होते. एक येतो, तो सुंभाची दोरी घेऊन येतो आणि पोटरीला करकचून बांधतो. दुसरा ब्लेड शोधतो. तिसरा मिरची खायला देऊन विचारतो, "तिखट लागतं काय गो?" चौथा काठी घेऊन जनावर हुडकायला जातो आणि स्वतःचा पाय धोक्यात घालतो. मग कोणीतरी जाणता म्हणतो, "पलीकडच्या गावात एक जण उतरवतो, त्याच्याकडं नेऊया. पैसं पण घेत नाय." यातल्या एकाच्याही मनात वाईट नसते. सगळे जीव तोडून करीत असतात आणि त्या करण्यातच तास, दीड तास निघून जातो. डॉक्टरच्या हातात रुग्ण येईपर्यंत जो वेळ जातो तो ना सरकारच्या हातात असतो, ना मुंबईच्या मुलाच्या. तो वाडीच्या हातात असतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, त्या तासात काय करायचे हे वाडीने पान लागण्याच्या आधी ठरवून ठेवले पाहिजे.

आता थोडे त्या जनावरांविषयी, कारण त्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि फसगत तिथेच होते. आपल्या भागात माणसाला मारणारे साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे म्हणजे तर रत्नागिरीची ओळखच. हातभर लांबीचे, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारे, अंगाचे वेटोळे घासून खसखस आवाज करणारे. आपल्या सड्यांवर ही फुरशी इतकी की, ब्रिटिश अमदानीत ती मारून आणणाऱ्यास सरकारने इनाम लावले होते. १८६२ साली तर अवघ्या आठवडाभरात लाखावर फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. त्याने फुरसे संपले नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी आपण कातळावर पाऊल टाकताना खाली बघूनच टाकतो. मारून प्रश्न सुटत असता, तर तो तेव्हाच सुटला असता.

फुरसे आकाराने लहान, त्यामुळे 'फुरशाने माणूस काय मरत नाय' असे बोलले जाते. हा समज अनेकांना महागात पडला आहे. फुरशाच्या आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. चावल्या जागी सूज येते, दुखते, पण माणूस बोलत असतो, चालत असतो, चहासुद्धा पितो. सगळे म्हणतात, उतरले. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, घोणस असेल तर मूत्रपिंडे बंद पडू लागतात. दवाखान्यात यासाठी एक साधी तपासणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे आणि ती नळी २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही, तर विष भिनले आहे. यंत्र नको, वीज नको. एवढी तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते.

मण्यारीचे उलट. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश अनेकदा कळतसुद्धा नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणून उठतो. घरचे ओवा देतात, गॅस झाला म्हणतात. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात, घोट गिळवत नाही, जीभ अडखळते, मग श्वास. तेव्हा रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याचे डोळे उघडत नसतील, तर अंगावर दाताची खूण शोधत बसू नका, गाडी काढा. नागाच्या विषानेही श्वास बंद पडतो, पण नाग निदान दिसतो तरी आणि चावलेले दुखतेही. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावे. दवाखान्यात पोचेपर्यंत तेवढ्यानेही माणूस तगू शकतो, कारण हृदय चालू असते.

या चौघांवर औषध एकच आहे. घोड्यांना या चार सापांचे विष थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. एकच लस चौघांवर चालत असल्याने साप मारून बाटलीत घालून दवाखान्यात नेण्याची काहीच गरज नसते. तरी आपल्याकडे रुग्णाच्या आधी साप पोचतो! सापाच्या मागे घालवलेली दहा मिनिटे रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतात. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू द्या.

उतरवणाऱ्यांबद्दल लिहिले की काही वाचक रागावतात. "आमच्या चुलत्याचा जीव त्याच्यामुळं वाचला," असे सांगतात. चुलता वाचला हे खरेच असेल. पण आपल्याकडे चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, नानेटी असे बिनविषारी साप पुष्कळ. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे मंत्र म्हटला काय, पाढे म्हटले काय, बरीच माणसे वाचणारच असतात. त्यांचे श्रेय मंत्राला जाते आणि जी दगावतात त्यांचे खापर नशिबावर फुटते. दुसरे म्हणजे हा आता केवळ श्रद्धेचा प्रश्न राहिलेला नाही. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा धरला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याने भीती घालावी असे आम्हांस वाटत नाही. उलट वाडीतल्या या माणसालाच हाताशी धरावे. लोक त्याच्याकडे जातात, त्याच्या शब्दाला मान आहे. त्यानेच "माझं काम नंतर, आधी दवाखाना" असे सांगितले, तर दहा भाषणांनी होणार नाही ते होईल.

हीच गोष्ट विंचवाची, आणि ती सांगताना आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा अभिमान वाटावा अशी आहे. कोकणातला तांबडा विंचू मोठ्या माणसाला वेदनेने लोळवतो, पण लहान मुलाचा जीव घेतो. मे महिन्यात मुंबईची नातवंडे येतात, आंब्याच्या अढीत हात घालतात, दगड उलटवतात, दाराबाहेरच्या चपलेत न बघता पाय सारतात. विंचू चावल्यावर मूल नुसते रडत असेल तर एक वेळ घाबरण्याचे कारण नाही. पण त्याला उलट्या झाल्या, दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, तर विष अंगात भिनले असे समजावे. पुढे फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाला फेस येतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर आले, हिंमतराव बावस्कर. अशी मुले डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली, रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त गोळीने हे विष आटोक्यात येते हे दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्या घरात आले. पुढे २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडच्या ७० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत विंचवाची लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे संशोधन मोठ्या शहरात झाले नाही. आपल्यासारख्याच डोंगरकपारीतल्या रुग्णांवर, आपल्यासारख्याच तुटपुंज्या दवाखान्यात झाले. पण गोळी असून उपयोग काय, मूलच वेळेवर पोचले नाही तर?

तेव्हा पुन्हा शेजाऱ्याकडे येऊ. नेपाळच्या तराई भागात दमक नावाचे गाव आहे. तिथल्या गावांतही सर्पदंशाचा असाच सुळसुळाट, रस्ते असेच, रुग्णवाहिका अशीच लांब. तिथल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. गावागावांतले मोटारसायकल असलेले तरुण हेरले. पान लागले की त्यांना बोलवायचे, त्यांनी रुग्णाला मागे बसवून, त्याच्या पाठीशी आणखी एकाला बसवून थेट उपचारकेंद्रात आणायचे. सोबत गावात शिकवण चालू. त्या गावांत सर्पदंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात साडेदहा होते, ते अर्ध्यावर आले. अर्ध्यावर म्हणजे निम्म्यावर नव्हे, शंभरात अर्धा, म्हणजे दोनशेत एक! नवे औषध नाही, नवे इस्पितळ नाही. शेजाऱ्याची मोटारसायकल तेवढी वेळेवर निघाली.

आपल्या वाडीत मोटारसायकली नाहीत काय? खंडीभर आहेत. रिक्षा आहे, टेम्पो आहे, आंब्याची पेट्या वाहणारी पिकअप आहे. फक्त रात्री नऊ वाजता कोणाची किल्ली कुठे आहे, पेट्रोल आहे का, चालवणारा शुद्धीवर आहे का, हे कोणी ठरवलेले नाही. (शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.) २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिला फोन करावाच. पण ती पोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. आपण निघावे आणि तिला वाटेत गाठावे. जिथे गाडीरस्ता नाही, पाखाडीच उतरायची आहे, तिथे आपले वाडवडील डोली करीत तेच करावे. खुर्चीला दोन वासे बांधले की झाले. पान लागलेल्या माणसाला चालवत नेऊ नये, चालण्याने विष लवकर चढते.

बाकी करायचे ते थोडे आहे. माणसाला धीर द्यायचा. अंगठी, जोडवी, बांगड्या, काळा दोरा सूज येण्याच्या आत उतरवायचा. ज्या हाताला वा पायाला चावले तो मोडलेला असल्यासारखा फळी किंवा काठी लावून सैलसर बांधून ठेवायचा. करकचून दोरी नको, चिरणे नको, चोखणे नको, बर्फ नको. दोरीबद्दल अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण शाळेत आपल्याला दोरी बांधायलाच शिकवली होती. पण फुरसे-घोणशीच्या दंशात घट्ट दोरीने पाय सडण्याची भीती वाढते, आणि दवाखान्यात ती एकदम सोडली की अडलेले विष एकदम अंगात जाते. तेव्हा ती शिकवण विसरलेली बरी.

आता दवाखान्याची बाजू. वाडीने धावपळ करून रुग्ण पोचवावा आणि तिथे "इथं काही होणार नाही, वर न्या" असे ऐकावे लागावे, याचा अनुभव पुष्कळांना असेल. त्यामागे लसीचा तुटवडा असतो तसे भयही असते. घोड्याच्या रक्तातली लस काहींना सोसत नाही, रुग्णाला एकाएकी धाप लागते, आणि मग नातेवाईक डॉक्टरच्या अंगावर जातात. हे भय खोटे नाही, पण त्यावरचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन प्रत्येक केंद्रात असायला हवे आणि असतेही. विष भिनल्याची लक्षणे दिसताच पहिली मात्रा जवळच्या केंद्रातच द्यायची आणि मग पुढे पाठवायचे, हीच रीत योग्य. मंडणगडच्या टोकाहून किंवा राजापूरच्या घाटाखालून निघालेला माणूस जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत विष थांबत नाही. आणि डॉक्टरला निर्धास्तपणे सुई टोचता यावी म्हणून दाराशी जमलेल्या आपण मंडळींनी आवाज खाली ठेवणे, हेही शेजारधर्मातच येते.

सरकारदरबारी हा विषय आता निदान कागदावर आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात असा अंदाज मांडला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्यात ठरवले, आणि नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. नोंद महत्त्वाची. कोणत्या केंद्रात किती रुग्ण येतात हे लिहिलेच गेले नाही, तर लसीच्या किती कुप्या तिथे पाठवायच्या हे ठरणार कसे? आपल्या केंद्रात आज किती कुप्या आहेत, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. तो मिरगाआधी विचारा, पान लागल्यावर नको.

घरातल्या बायामाणसांना एक सांगणे. गडग्यालगतची लाकडे काढताना आधी काठीने हलवावी, मग हात घालावा. रात्री गोठ्यात जाताना बॅटरी घ्यावी, घरात बॅटरी आहे पण तिच्यात सेल नाही असे होऊ देऊ नये. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्या. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, आणि कोकणात हे दोन्ही पाहुणे मुबलक. कुत्रा एकाच जागेकडे बघून भुंकत राहिला तर त्याला हाड् करून झोपू नये, उठून बघावे, अर्थात लांबून. गुरांनाही पान लागते. चरून आलेल्या गाईचे तोंड किंवा पाय एकाएकी सुजला तर गुरांच्या डॉक्टरला बोलवावे, तीच लस जनावरांनाही देतात. दुभती म्हैस गेली तर त्या घराचे वर्ष जाते, हे वाडीतल्या माणसाला सांगायला नको.

मिरगाच्या आधी प्रत्येक वाडीची बैठक होते. विहिरीचा उपसा, पाखाडीची साफसफाई, देवळाची कौले परतणे, पालखीचा हिशेब, असे विषय असतात. त्यात या वेळी आणखी एक घ्यावा. रात्रीची गाडी कोणाची, तो नसेल तर दुसरी कोणाची, पेट्रोलचे पैसे वाडीच्या फंडातून की कसे, लस कोणत्या दवाखान्यात आहे आणि तिथला फोन लागतो का. दोन-चार नंबर एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहून प्रत्येक घराच्या पडवीत, मीटरच्या शेजारी लावावे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी तो पुठ्ठा वाडीतल्या पोरांनी स्वतः जाऊन लावावा, आणि पहिला नंबर पलीकडच्या घराचा लिहावा.